पथ्य किती आणि पोषण किती?

उस्मानपुऱ्यात संध्याकाळी भाजीची पिशवी सांभाळत दोघी जणी समोरासमोर आल्या, की बोलणे कुठूनही सुरू होवो, शेवटी पोटावर येऊन ठेपते. "काय करणार आज?" ही सुरुवात, आणि "अगं, पण ह्यांना पचत नाही ना!" हा शेवट. कुणाला पित्त होते, कुणाला वांगे बाधते, कुणाच्या सासऱ्यांना हरभऱ्याची डाळ चालत नाही. हे सगळे आपण भर रस्त्यात सांगतो. पण पोटाचे एक दुखणे असे आहे, की ते आपण सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगत नाही. शौचातून रक्त जाते, हे कसे सांगायचे?

माझ्या धाकट्या जावेने ते आठ महिने कुणाला सांगितले नाही. वय चौतीस, पदरी एक मुलगी, घरात सहा माणसे आणि संडास एकच. घर उठायच्या आत आपले आटोपून घ्यावे, म्हणून ती पहाटे चारला उठायची. "फार लवकर उठते बिचारी," म्हणून सासूबाई शेजारणीपाशी तिचे कौतुक करायच्या! पोटात मुरडा, आव, रक्त. ती मनाशी म्हणे, मूळव्याध असेल. दुकानातून इसबगोल आणायची आणि गुपचूप घ्यायची.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी संत एकनाथ रंगमंदिरात नाटकाला गेलो होतो. पहिल्या अंकातच ती तीनदा उठून बाहेर गेली. तिसऱ्यांदा मी तिच्या मागोमाग गेले. बाहेर बाकावर ती बसली होती, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "ताई, मला कॅन्सर झालाय का हो?"

कॅन्सर नव्हता. दुर्बिणीची तपासणी झाली, आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला गेला आणि नाव कळले: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होऊन पडणारे व्रण. घरी येऊन हे सांगितले, आणि घरातल्या प्रत्येकाने तिला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "काय खाल्लं होतंस गं बाहेर?"

हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

हे दुखणे आहे तरी काय?

आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. दुसरा क्रोन्स डिसीज. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अधिक आढळतो. तो आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो, त्यामुळे काही रोग्यांचे आतडे जागोजागी अरुंद होते. दोन्हींत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. ती का उलटते, याचे एकच उत्तर नाही. अनुवंश, आतड्यातले जिवाणू आणि राहणीमान या सगळ्यांची त्यात सरमिसळ आहे. मात्र हा रोग स्पर्शाने लागत नाही. रोग्याचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काहीएक कारण नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'आयबीएस' म्हणून जे पोटाचे दुखणे आपण ऐकतो, ते वेगळे. त्यात व्रण नसतात आणि रक्त जात नाही. शिवाय आपल्या देशात क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात, की भल्याभल्या डॉक्टरांनाही निदानाला वेळ लागतो. म्हणून "शेजारच्या काकूंना ज्या गोळ्यांनी बरं वाटलं, त्याच मी घेतल्या" हा प्रकार इथे चालत नाही.

हे दुखणे नव्याने उपटलेले नाही. लंडनच्या डॉ. सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली कोलायटिसच्या एका रोगिणीचे वर्णन केले होते. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली दुसऱ्या प्रकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्या रोगाला पडले. पुढे बरीच वर्षे हा गोऱ्या लोकांचा, श्रीमंत देशांचा रोग आहे, अशी समजूत होती. ती समजूत लुधियानाच्या डॉक्टरांनी खोटी ठरवली. त्यांनी पंजाबात घरोघर जाऊन पाहणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत लाख माणसांमागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. "हा शहरी, चटकमटक खाणाऱ्यांचा आजार" हेही पुरते खरे नाही. हैदराबादच्या डॉ. रूपा बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतल्या रोग्यांच्या तपासण्या केल्या, तेव्हा तिथेही हा रोग शहराच्या बरोबरीने सापडला.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून हाच आजार होता. त्यापायी त्यांनी २००७ साली पद सोडले. औषधोपचाराने सावरून ते पुन्हा पंतप्रधान झाले, अनेक वर्षे देश चालवला, आणि २०२० साली दुखणे उसळल्यावर पुन्हा पायउतार झाले. हे मी जावेला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यांना कुणी विचारलं असेल का हो, बाहेर काय खाल्लंत म्हणून?"

सासूबाईंचे पथ्य

आमच्या सासूबाई मायाळू बाई. सुनेच्या आतड्याला जखमा आहेत म्हटल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले. आधी तिखट बंद. मग तेल बंद. मग दूध, कारण कुणीतरी सांगितले म्हणून. गहू, कारण मोबाइलवर आले म्हणून. मग डाळी, कारण वायू. मग पालेभाज्या, फळे, टोमॅटो, शेंगदाणे. उरला मऊ भात आणि पाण्यासारखे ताक. दुसरीकडे औषधाने रक्त थांबले होते, म्हणून सगळ्यांना वाटले, पथ्य लागू पडले. त्यातच कुणीतरी 'मुळापासून बरे करणाऱ्या' आहाराचा तक्ता आणून दिला. गोळ्यांची गरज नाही, असे त्याच्यावर ठळक छापलेले. जावेने गोळ्या सोडल्या.

पाच महिन्यांत वजन ५२ किलोवरून ४३ वर आले. केस मुठीने गळू लागले. हिमोग्लोबिन ७.८. आणि एका रात्री दुखणे असे उसळले, की तिला दवाखान्यात ठेवावे लागले.

डॉक्टरीणबाईंनी तो तक्ता पाहिला, बाजूला ठेवला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, आतड्याचं औषध माझ्यापाशी आहे. पण ही उपाशी आहे, त्याचं औषध तुमच्यापाशी आहे." सासूबाई रडल्या. त्यांचे काय चुकले होते? ज्याने रोग होतो असे वाटले, ते त्यांनी काढून टाकले. आपण सगळ्या जणी हेच करतो. म्हणून मग आम्ही तिघींनी नीट बसून ऐकले, विचारले, लिहून घेतले. तेच तुम्हाला सांगते.

आहाराने होते का? आहाराने जाते का?

एखाद्या दिवशी बाहेर खाल्लेल्या भेळेने हा रोग होत नाही. हे आधी मनात पक्के करा, आणि घरातल्यांनाही सांगा. मात्र वर्षानुवर्षांच्या खाण्याचा काही वाटा असावा, असे दिसते. आपल्या देशासह २१ देशांतल्या १,१६,०८७ प्रौढ माणसांच्या आहाराची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. कारखान्यात बनलेले पाकिटबंद खाणे, म्हणजे बिस्किटे, वेफर, गोड शीतपेये, तयार मांसाचे पदार्थ, दिवसातून पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांना हा रोग होण्याचे प्रमाण ते क्वचित खाणाऱ्यांच्या सुमारे १.८ पट आढळले. कारण अजून हाती आलेले नाही. पण अशा पदार्थांत घालतात त्या मिश्रणकारी द्रव्यांनी उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बिघडतात आणि दाह वाढतो, हे प्रयोगात दिसले आहे.

आता दुसरा प्रश्न, आहाराने जाते का? इथे एका आईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एलेन गॉट्शॉल ही उत्तर अमेरिकेतली एक गृहिणी. तिच्या लहान मुलीला कोलायटिस झाला होता आणि मोठे आतडे काढून टाकण्याची वेळ आली होती. १९५८ च्या सुमारास डॉ. सिडनी हास या वृद्ध बालरोगतज्ज्ञांनी मुलीला एक आहार घालून दिला. त्यात धान्ये नाहीत, साखर नाही, पिष्टमय पदार्थ नाहीत. मुलगी सुधारली. आईने पुढे स्वतः शास्त्राचा अभ्यास केला आणि १९८७ साली या आहारावर पुस्तक लिहिले. जगभरच्या हजारो घरांत ते गेले. त्या आईच्या जिद्दीला नमस्कारच करावा. पण एका मुलीला लागू पडले ते सर्वांना पडेलच असे नाही. अमेरिकेत क्रोन्सच्या १९४ रोग्यांवर हा कडक आहार आणि भूमध्य समुद्राकाठचा साधा आहार, म्हणजे भाज्या, फळे, डाळी, धान्ये, मासे, ऑलिव्हचे तेल, यांची तुलना केली गेली. २०२१ साली निष्कर्ष आला. सहा आठवड्यांनी कडक आहार घेणाऱ्यांपैकी ४६.५ टक्क्यांना आणि साधा आहार घेणाऱ्यांपैकी ४३.५ टक्क्यांना लक्षणांपासून आराम मिळाला होता. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मग भाकरी-वरण सोडून जिवाला का जाळायचे?

एका बाबतीत मात्र आहार हेच औषध ठरले आहे. क्रोन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे नेहमीचे जेवण पूर्ण बंद करून फक्त विशिष्ट पोषक पेयावर ठेवतात. त्याने पुष्कळ मुलांचा दाह स्टेरॉइडच्या गोळ्यांशिवाय शमतो आणि वाढ खुंटत नाही. पण हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच करायचे. घरी दूध-भुकटी पाजून नव्हे. कोलायटिसमध्ये अजून तरी औषधाची जागा घेईल असा कोणताही आहार सिद्ध झालेला नाही. आहार औषधाचा सोबती आहे, बदली नाही.

दुखणे उसळलेले असताना

या दुखण्याचे दोन ऋतू असतात, उसळलेला आणि शांत. दोन्हींचा स्वयंपाक वेगळा. घोळ होतो तो इथेच. उसळीच्या काळातले पथ्य आपण वर्षभर चालवतो.

उसळीत आतडे हळवे असते. त्याला चोथा कमी, पण पोषण जास्त हवे. मऊ भात, गाळलेले मुगाचे कढण, साल आणि बिया काढलेला दुधी किंवा लाल भोपळा, उकडून कुस्करलेला बटाटा, पिकलेले केळे, साल काढून वाफवलेले सफरचंद, चालत असेल तर अंडे, मऊ शिजवलेले चिकन किंवा मासा, घरचे ताजे पनीर. कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाण्याचा कूट, मिरचीचा ठेचा, तळण, कडक कॉफी हे तेवढ्यापुरते दूर. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वाढण्या करा.

प्रथिने मात्र कमी करू नका; याच काळात ती अधिक लागतात. किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. हिशेब असा करा: दोन अंडी १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण सुमारे १० ग्रॅम, दोन वाट्या दही १० ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम, भात-पोळीतून १०-१२ ग्रॅम. झाले साठ. नुसत्या भात-ताकावर ही बेरीज निम्म्यावरही जात नाही. आमच्या घरात अंडे शिजत नसे. सासूबाईंनी त्यासाठी वेगळे पातेले आणले, गॅलरीत छोटी शेगडी मांडली आणि पहिले अंडे त्यांनीच उकडून दिले. पदराने नाक झाकून, पण दिले.

जुलाब वारंवार होत असतील तर नुसते पाणी पुरत नाही. औषधाच्या दुकानातले क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण चुकवू नका. आमच्यासारख्या, पाणी भरून साठवून ठेवणाऱ्या गावात तर पिण्याचे पाणी उकळणे सोडूच नका. वर आणखी एखादा जंतुसंसर्ग व्हायला नको.

दुखणे शांत असताना

रक्त थांबले, पोट जाग्यावर आले, डॉक्टरांनी "आता ठीक आहे" म्हटले, की हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे यायचे. हळूहळू म्हणजे तीन-चार दिवसांना एक नवा पदार्थ. चोथा हा आतड्याचा शत्रू नव्हे. मोठ्या आतड्यातले चांगले जिवाणू त्यावरच जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारे अन्न तयार करतात. १०० ग्रॅम तांदळात चोथा तीन ग्रॅमच्या आत, तर ज्वारीत सुमारे १० ग्रॅम. आपली मराठवाड्याची भाकरी इथे उपयोगी पडते. पण सुरुवात भाकरीने नको. आधी चाळलेल्या पिठाची ताकातली आंबील, मग दुधात किंवा वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी, मग पापुद्र्याची, मग पुरी भाकरी. भाज्या आधी शिजवलेल्या, कोशिंबीर सर्वांत शेवटी. डाळी भिजवून, मऊ शिजवून, घोटून.

एक अपवाद जपा. ज्या क्रोन्सच्या रोग्याचे आतडे अरुंद झाले आहे, त्याच्यासाठी हा नियम नाही. त्याला मक्याचे दाणे, पेरूच्या आणि डाळिंबाच्या बिया, गवारीच्या शिरा, खोबऱ्याचे तुकडे, संत्र्याच्या सालपटांसकट फोडी हे अडकू शकते. "माझं आतडं कुठं अरुंद झालंय का?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्या उत्तरावर तुमची भाजी ठरते.

दूध, तिखट, हळद, इसबगोल

या चार गोष्टींवर घरोघरी वाद होतात, म्हणून थोडक्यात.

दूध सर्वांना वर्ज्य नाही. आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर न पचणारी माणसे पुष्कळ; त्यांना दुधाने गुबारा धरतो, जुलाब होतात. पण तो दाह नव्हे. दोन आठवडे दूध बंद करून पाहा, मग अर्धा कप घेऊन पाहा. काही झाले नाही तर सुखाने घ्या. दूध न सोसणाऱ्यांनाही दही-ताक बहुधा सोसते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना हाडांसाठी कॅल्शियम लागतेच. ते एका गैरसमजापायी घालवू नका.

तिखटाने हा रोग होत नाही. उसळीत ते झोंबते, म्हणून टाळायचे. शांत काळात बेताचे तिखट ज्याला सोसते, त्याने खावे. येसराची आमटी जन्मभर बंद, असे नाही.

हळद. जपानमध्ये ८९ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधाबरोबर रोज दोन ग्रॅम कुर्क्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत राहिले. न घेणाऱ्यांत ते वीस टक्क्यांवर होते. पण कुर्क्युमिन हा हळदीतला जेमतेम तीन टक्के भाग. दोन ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद फस्त करावी लागेल! फोडणीतली चिमूट चवीला आणि रंगाला. त्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. काहींच्या यकृताला त्या बाधल्या आहेत.

इसबगोल. कोलायटिस शांत असताना त्याचा खरोखर उपयोग होतो. १९९९ साली स्पेनमधल्या एका अभ्यासात दुखणे शांत ठेवण्यात ते नेहमीच्या औषधाच्या जवळपास उतरले. पण रक्त जात असताना निदान न करता ते घेत राहणे म्हणजे छपराला भोक असताना खाली पातेले ठेवण्यासारखे. आणि आतडे अरुंद असेल तर ते घेऊच नये.

उपासाचे काय?

हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. चतुर्थी, गुरुवार, एकादशी, नवरात्र. शिवाय घरातले सगळे जेवल्यावर उरेल ते खायचे, हा रोजचाच उपास. उसळीत उपास करू नये. गोळ्या रिकाम्या पोटी पडतात, पाणी कमी होते, अशक्तपणा वाढतो. शांत काळात करायचाच असेल तर कूट-मिरची घातलेल्या तुपकट खिचडीऐवजी मऊ भगर, दही, राजगिऱ्याची लापशी, उकडलेले रताळे, केळे घ्या आणि गोळी चुकवू नका. आमच्या समोरच्या भाभी रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारून येतात आणि त्यांनी नको म्हटले तर रोजे धरत नाहीत. आजाऱ्याला सूट प्रत्येक धर्मात आहे. ती घेण्याचा अधिकार बाईलाही आहे.

रक्त गेल्याने लोह कमी होते. पालेभाजी, खजूर, अळीव, मांसाहारी असाल तर कलेजी, हे सारे चांगले. पण हिमोग्लोबिन सात-आठवर आले असताना ते खजुराने भरून येत नाही. गोळ्या किंवा शिरेतून लोह द्यावे लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. पानात लिंबाची फोड जरूर वाढा. क्रोन्समध्ये ब-१२ आणि दोन्हींत ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

गोळ्या, बाळंतपण आणि धोक्याच्या खुणा

या रोगावरचे पहिले उपयोगी औषध, सल्फासलाझिन, एका बाईने दिले आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९३७ साली प्राध्यापक झालेल्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी ते १९४० च्या सुमारास तयार करवून घेतले. खरे तर संधिवातासाठी! त्याच घराण्यातली औषधे आजही कोलायटिसमध्ये पहिल्यांदा देतात. ती बरे वाटल्यावरही घ्यायची असतात. रक्तदाबाची गोळी आपण रक्तदाब उतरला म्हणून बंद करत नाही ना, तसेच हे.

"मूल होऊ द्यावं का?" हा प्रश्न जावेने मला रात्री, सगळे झोपल्यावर विचारला. उत्तर आहे, हो. पण दुखणे काही महिने शांत राहिल्यावर, डॉक्टरांना सांगून. या रोगाची बहुतेक औषधे गरोदरपणी चालतात. मेथोट्रेक्सेटसारखे एखादे चालत नाही, ते आधीच बदलून घ्यावे लागते. सल्फासलाझिन चालू असेल तर फॉलिक अॅसिड अधिक लागते. घाबरून सगळ्या गोळ्या सोडणे बाळाला अधिक घातक, कारण उसळलेला दाहच त्याचे नुकसान करतो.

आणि हे पाठ करून ठेवा. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच आणि त्याबरोबर ताप किंवा छातीची धडधड. पोट फुगून कडक होणे. उलट्या आणि वारा सरणे बंद. यापैकी काही झाले तर पेज करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जुलाब थांबवायची गोळी आणि अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. घरात कुणी सिगारेट ओढणारा क्रोन्सचा रोगी असेल तर त्याचे पहिले पथ्य तेच. पथ्याचे ताट करणाऱ्या बाईने त्याला तेवढे ठणकावून सांगायला हरकत नाही.

एक वही

डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडून एक वही करवून घेतली. चार रकाने: काय खाल्ले, किती, पोटाला काय वाटले, गोळी घेतली का. दोन-तीन महिन्यांत त्या वहीने घरातली भांडणे मिटवली. गव्हावरचा आळ गेला. तुरीवरचा गेला, घोटून केली तर. कच्चा कांदा आणि मैद्याची खारी मात्र खरोखर दोषी निघाली. दुसरीच्या घरी हे दोघे निर्दोष सुटतील आणि तिसराच कुणी सापडेल. म्हणून तुमच्या घरच्या रोग्याची वही तुम्हीच लिहा. माझी उतरवून घेऊ नका.

उसळीत आमच्याकडे रोज होणारे कढण मात्र उतरवून घ्या. अर्धी वाटी मूगडाळ धुऊन वीस मिनिटे भिजवा. पाच वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि मीठ घालून अगदी मऊ शिजवा. रवीने घुसळा, गाळा. चमचाभर साजूक तुपात जिरे तडतडवून वर घाला. आजाऱ्याला कोमट द्या. गाळून उरलेली डाळ फेकू नका, कणकेत भिजवून धपाटे करा. बाकीच्या घरानेही आजाऱ्याच्याच डाळीचे खावे, म्हणजे तिला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही.

जावेचे वजन आता ५१ आहे. दुखणे गेले, असे ती म्हणत नाही, "झोपलंय," म्हणते. मध्ये एकदा ते जागे झाले होते, पण या वेळी तिने दुसऱ्याच दिवशी सांगितले. पहाटे चारला ती आता उठत नाही. घरात दुसरा संडास बांधून घेतला, यंदाच्या दिवाळीचे सोने त्यात गेले, आणि सासूबाईंनीच तसे ठरवले.

गेल्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी तिच्या पानाकडे पाहून म्हणाले, "अगं, तुला हे सगळं चालतं?" ती काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चालतं. वहीत लिहिलंय आमच्या." आणि त्यांनी तिच्या पानात वरण वाढायला सांगितले, तेही घट्ट, वरचे पाणी नव्हे.